धुऱ्यावरचे गवत आणि कमरेवरची खपली

आमच्या शेताच्या पूर्वेकडील धुऱ्यावरचे, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरचे, गवत सलग तीन वर्षे कापले गेले नाही. ते कापले जाऊ नये असा आदेश मी स्वतः दिवाणी न्यायालयातून मिळवला होता आणि त्याचा मला अभिमान होता. त्याच गवतापायी माझ्या पत्नीचा जीव जाण्याची वेळ आली. तो जिने वाचवला त्या आरोग्यसेविकेविरुद्ध माझीच लेखी तक्रार त्या दिवशी प्रलंबित होती. हे मुद्दे मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो, म्हणजे मी कोणाचे उपकार मानतो आहे आणि कशाबद्दल, याविषयी वाचणाऱ्याच्या मनात संदिग्धता राहू नये.

मी व्यवसायाने अर्जनवीस. आर्णीच्या तहसील कचेरीबाहेर टिनाच्या शेडखाली टंकलेखन यंत्र मांडून चाळीस वर्षे लोकांचे अर्ज, फेरफाराच्या हरकती, वारसाच्या नोंदी, अपिले लिहिली. यंत्र आता घरी कपाटावर आहे, पण सवय गेली नाही. गावात पथदिवा बंद पडला की माझे पत्र जाते, रेशन दुकान वेळेवर उघडले नाही की पत्र जाते, आणि पत्राला मुदतीत उत्तर आले नाही की स्मरणपत्र जाते. लोक मला रागीट म्हणतात. ते खरे आहे. माझा राग मात्र वारसाहक्काने आलेला आहे. माझ्या वडिलांनी तरुणपणी धम्माची दीक्षा घेतली आणि पुढे सिलिंगच्या वाटपात त्यांना हे चार एकर मिळाले. मिळाल्यापासून त्या वेळचे शेजारी दर वखरणीला एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, आत सरकत राहिले. वडिलांना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांना काही करता आले नाही. त्यांनी मला शिकवले आणि एकच सांगितले, की हातचा कागद सोडू नको. तो मी आजतागायत सोडलेला नाही.

त्यामुळे चार वर्षांपूर्वी पूर्वेच्या शेजाऱ्याचा नांगर धुऱ्याला हातभर कापून गेला, तेव्हा मी त्याला काही बोललो नाही. थेट दावा दाखल केला. हा शेजारी आमच्याच गावचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बाराएक एकरांचा कास्तकार. तोंडाचा फटकळ, पण नीच नव्हे. न्यायालयाने मोजणी होईपर्यंत धुरा ‘जैसे थे’ ठेवण्याचा आदेश दिला. धुऱ्याच्या स्थितीत व ताब्यात उभय पक्षांनी कोणताही बदल करू नये, असे त्यात शब्द होते. जो गवत कापतो तो ताबा दाखवतो, हे कोणत्याही वहिवाटीच्या प्रकरणात कळीचे असते. म्हणून मी आदेशाचा अर्थ काटेकोरपणे लावला, की गवताची एक काडीही हलता कामा नये. मी स्वतः हलवली नाही आणि त्यालाही हलवू दिली नाही. पहिल्याच पावसाळ्यात त्याने बैलांसाठी एक भारा कापला, तेव्हा मी वकिलामार्फत नोटीस पाठवली. दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर सगळ्यांदेखत त्याने मला हात जोडले.

“वकीलसाहेब, बैलानं तुमचा आदेश वाचला नाही जी. अडाणी हाय बिचारा. यावेळेस माफ करा त्याले.”

लोक हसले. मी घरी येऊन त्या वक्तव्याची नोंद फाइलमध्ये केली.

तीन पावसाळ्यांत तो धुरा म्हणजे एक वेगळाच प्रदेश झाला. कुंदा छातीपर्यंत आला, त्यात तरोटा, बोरीची काटेरी झुडपे, आणि खाली उंदरांची बिळेच बिळे. तुरीच्या शेंगा कुरतडल्या जात. उंदीर दोन्ही बाजूंचे सारखेच खात. त्या धुऱ्यावर एक जुना कडुनिंब आहे. निंदणाला आलेल्या बाया दुपारी त्याच्याच सावलीला डबा खायला बसतात, कारण दुसरी सावलीच नाही.

भाद्रपदात माझी पत्नी तीन बायांना घेऊन सोयाबीनमध्ये निंदणाला गेली होती. सकाळी पावसाची सर येऊन गेली, तेव्हा तिने भिजलेला दुपट्टा गवतावर वाळत टाकला, जेवण झाल्यावर तोच अंथरून घटकाभर पडली, आणि संध्याकाळी कुर्डूच्या भाजीची जुडी घेऊन घरी आली. मी विचारले, “हे कोठून आणलं?”

“धुऱ्यावरून.”

“तिथलं काही तोडायचं नाही, हे तुले माहीत आहे न?”

“भाजी तोडली, गवत नाही तोडलं. करा माह्यावर बी केस. मी कोर्टात येतो अन् साहेबाले भाजी खाऊ घालतो.”

भाजी मी खाल्ली. चांगली झाली होती.

दहा-बारा दिवसांनी तिला ताप आला. डोके फुटून राह्यले म्हणाली, अंग ठणकत होते. भाद्रपदात आमच्याकडे ताप ही नवलाची गोष्ट नाही. दोन दिवस गोळ्या दिल्या. पण त्या दिवसांत वर्षावास चालू होता. आमच्या विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते आणि गेली कित्येक वर्षे ते माझी पत्नी करते. सातवीपर्यंतच शिकली, पण वाचते स्वच्छ. ताप असो, पाऊस असो, ती वाचनाला चुकलेली मला आठवत नाही. त्या वर्षी ती तिसऱ्या संध्याकाळी उठलीच नाही आणि “दुसऱ्या कोणाले वाचाले सांगा,” असे भिंतीकडे तोंड करून म्हणाली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आर्णीतल्या एका खाजगी दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरांविषयी माझी तक्रार नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्या आठवड्यात माझी तक्रार होती. त्यांनी रक्त तपासले. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड नाही. प्लेटलेट मात्र घटलेल्या. त्यांनी तिला विचारलेही होते, “मावशी, अंगावर कुठे पुरळ, फोड, डाग?” तिने मान हलवली. “काही नाही जी.” सलाईन लावून परत पाठवले. तपासण्या निष्फळ ठरतात हे मला सहनच होईना. ज्या आजाराला नाव नाही त्याच्याविरुद्ध अर्ज तरी कोणाकडे करायचा? मी ग्रामपंचायतीला पत्र लिहिले, की नाल्या तुंबल्या आहेत, फवारणी झालेली नाही, डासांमुळे माझी पत्नी आजारी पडली आहे, तरी संबंधितांवर जबाबदारी निश्चित करावी. प्रत माहितीसाठी पाच ठिकाणी. नाल्या तुंबलेल्या होत्या हे सत्य आहे. या तापाशी त्यांचा काही संबंध नव्हता, हेही सत्य आहे, पण ते मला माहीत नव्हते.

सहाव्या दिवशी सकाळी मी ओट्यावर त्या पत्राचे स्मरणपत्र लिहीत होतो, तेव्हा आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर, म्हणजे त्याच आरोग्यसेविका, खांद्याला पिशवी अन् हातात वही घेऊन दारात उभ्या राहिल्या. तापाचे घरोघर सर्वेक्षण चालू होते. माझी लेखणी थांबली. आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता उपकेंद्राला कुलूप दिसले म्हणून मी त्या कुलपाचे छायाचित्र जोडून त्यांच्याविरुद्ध तक्रार केली होती. त्यांच्याकडून खुलासा मागवला गेल्याचे मला कळले होते, आणि तो खुलासाही मी माहितीच्या अधिकारात मागितला होता.

“काकाजी, घरात ताप कोणाले हाय काय?”

“आहे. सहा दिवसांपासून. त्याबद्दलच लिहून राह्यलो.”

“लिहा न जी. माह्यावरचं लिहून संपलं काय?”

मी कागद उलटा ठेवला. त्या आत गेल्या. मीही गेलो. पत्नी धापा टाकत होती. काल रात्रीपासून श्वास थोडा वाढला होता आणि मी तो अशक्तपणा समजत होतो. सिस्टरांनी घड्याळ धरून श्वास मोजले, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, बगलेत ताप पाहिला.

“काकू, एवढ्यात शेतात गेलत्या काय?”

“निंदाले गेलती.”

“बसल्या कुठं?”

“धुऱ्यावर. निंबाखाली.”

“गवतात?”

“तिथं गवतच गवत हाय, बाई. साहेबांच्या कृपेनं.” एवढ्या तापातही तिने माझ्याकडे पाहिले.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. “काकाजी, तुमी बाहेर बसा.”

“काहून? माझं घर आहे. कोणत्या नियमानं तुम्ही मले…”

“काकूच्या नियमानं. बसा बाहेर. अन् दार ओढून घ्या.”

मी ओट्यावर येऊन बसलो. दार जुने आहे, आतले सगळे ऐकू येते.

“कुठं काळी खपली, फोड?”

“नाही व बाई.”

“बगलेत पाहू द्या. बरं, इकडे? आता कमर.”

“कमरेले काय पाह्यता? तिथं नाडीचा काच हाय. जलमभराचा.”

हे समजून घ्यायला पाहिजे. आमच्याकडच्या बायांच्या कमरेवर परकराच्या नाडीचा काळा पट्टा पडलेला असतो. लग्नापासून ती नाडी एकाच जागी आवळली जाते, उन्हात निंदता निंदता घामाने तिथली कातडी जाड आणि काळी होते. त्या जागी खाज आली, सोलले गेले, खपली धरली, तरी कोणी बाई ते दुखणे समजत नाही. पुरुषाला सांगणे तर दूरच. डॉक्टरांनी डाग विचारला तेव्हा माझ्या पत्नीने खोटे सांगितले नव्हते. तिच्या मते तो डाग नव्हताच, तो काच होता.

“काच तर कमरेभोवती असते, काकू. हा एकाच जागी हाय. दुखते काय?”

“नाही.”

“खाजवते?”

“नाही. म्हून तर लक्ष नाही दिलं.”

“म्हूनच मले पाहू द्या.”

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली होती. “सिगारेटचा चटका दिल्यासारखी गोल खपली हाय, काकाजी. कडेनं लाल. हा स्क्रब टायफस असू शकते. धाप लागली म्हणजे आता घरी ठेवाचं काम नाही. यवतमाळले न्या, अर्जंट.”

त्यांनी तेथूनच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून पिशवीतली एक कॅप्सूल काढली, पत्नीला भाकरीचे दोन घास खायला लावले आणि मग भरपूर पाण्यासोबत ती दिली. रुग्णवाहिका बाळंतीण घेऊन गेलेली, परत यायला दीड तास. सिस्टरांनी एक क्षण विचार केला आणि दुसरा फोन लावला. दहा मिनिटांत आमच्या दारात जी जीप उभी राहिली, ती माझ्या दाव्यातल्या प्रतिवादीची होती.

तो खाली उतरला. बसथांब्यावरच्या त्या दिवसानंतर आमच्यात वकिलांखेरीज कोणी बोलले नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मागच्या सीटवर सतरंजी टाकली आणि म्हणाला, “या वहिनी. हळू.” मग मला म्हणाला, “वकीलसाहेब, बसा न. जीपले मनाई हुकूम नाही.”

मी बसलो.

निघण्यापूर्वी सिस्टरांनी वहीचे पान फाडून मांडीवर ठेवून चार ओळींची चिठ्ठी लिहिली आणि माझ्या हातात दिली. जीप गावाबाहेर पडल्यावर मी ती वाचली. वय. ताप किती दिवसांचा. श्वास मिनिटाला किती. कोणत्या तपासण्या झाल्या आणि त्यांत काय आले नाही. कमरेच्या डाव्या बाजूला, नाडीखाली, न दुखणारी काळी खपली. रुग्ण उंच गवतात बसली व झोपली होती. औषधाचा पहिला डोस कोणता व किती वाजता. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. चाळीस वर्षे मी लोकांचे मसुदे लिहिले आणि इतरांचे तपासले, पण इतका निर्दोष कागद माझ्या हाती आला नव्हता. माझ्या पिशवीत त्याच वेळी पाच प्रतींचे स्मरणपत्र होते.

सिस्टर आमच्यासोबत आल्या नाहीत. त्या वेळी मला ते खटकले. त्यांनी फक्त विचारले होते, “त्या दिवशी सोबत कोण कोण होत्या?” आणि तीन नावे ऐकताच त्या त्यांच्या घरांकडे गेल्या होत्या. तिघींपैकी एकीच्या मांडीवर तशीच खपली सापडली. तिला तर नुकती कसर, म्हणजे बारीक ताप, आली होती. तिने गोळ्या घरीच घेतल्या आणि चौथ्या दिवशी कामावर गेली. हे मला नंतर समजले.

यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टरबाईंनी ती चिठ्ठी वाचली, खपली पाहिली आणि दुसरे काही न विचारता तिला आत घेतले. रक्त तपासायला पाठवले, पण अहवालाची वाट पाहिली नाही, शिरेतून औषध सुरू केले. नाकाला प्राणवायू लावला. तासाभराने त्या बाहेर आल्या, तेव्हा मी लेखी माहिती मागण्याच्या तयारीत होतो. त्यांनी ती तोंडीच दिली, आणि इतकी स्पष्ट की लेखीची गरज उरली नाही.

हा ताप डासांमुळे येत नाही आणि माणसाकडून माणसाला लागत नाही. उंच गवतात, झुडपात, उंदरांच्या वावरात एक बारीकसा कीटक असतो, त्याची पिल्ले इतकी लहान की डोळ्याला दिसत नाहीत. ती गवताच्या पात्यावर बसून उंदराची वाट पाहतात. उंदराऐवजी माणूस बसला, झोपला किंवा त्याने कपडा टाकला, तर ती त्याच्या अंगावर चढतात आणि कपडा जिथे घट्ट बसतो तिथे चावतात. कमर, बगल, मांडीचा सांधा. चावलेले कळतही नाही. चाव्यातून जंतू रक्तात जातात. वेळेवर ओळखले तर साध्या औषधाने उतरतो. उशीर झाला तर फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड, काहीही धरतो.

“यांच्या फुप्फुसाला थोडं झालंय,” त्या म्हणाल्या. “औषध लागू पडलं तर दोन दिवसांत ताप उतरेल. नाही उतरला तर व्हेंटिलेटर लागू शकतो. आत्ता तेवढंच सांगते.” मग त्यांनी विचारले, “काका, शेतावर इतकं गवत? कापलं का नाही?”

“न्यायालयाचा आदेश आहे.”

“असा आदेश कोणी मागितला?”

मी आयुष्यात अनेक उलटतपासण्या पाहिल्या. दोनच प्रश्नांत साक्षीदार संपलेला मी पाहिला नव्हता. “मी,” म्हणालो.

त्या आत वळल्या. त्यांना आणखी वीस रुग्ण होते.

ते दोन दिवस मी वऱ्हांड्यात बसून काढले. माझा राग कोणावर तरी ठेवायला जागा शोधत होता आणि त्याला जागा मिळत नव्हती. शेजारी पहिल्या दिवशी परत गेला नाही. गाडी दाराशी लावून माझ्या बाजूच्या बाकावर बसून राहिला. दुपारी दोन कप चहा आणला, एक माझ्यापुढे ठेवला.

“तो भारा आठवते काय?” तो म्हणाला. “बैलाचा. तेव्हाच सगळं कापू दिलं असतं तर…”

मी कप उचलला. चहा संपवून तो म्हणाला, “माह्यी मायबी त्याच निंबाखाली बसे. माह्या घरचं कोणी बी असू शकलं असतं. केस आपण चालू ठेवू न जी, मी काही सोडत नाही. पण वहिनी पाह्यजे.”

मी “हो” म्हणालो. तीन वर्षांत त्याला दिलेले ते माझे पहिले उत्तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास परिचारिकेने हातानेच मला आत बोलावले. पत्नीच्या कपाळावर घाम होता. मी हात ठेवला, कपाळ गार होते. थर्मामीटरचा आकडा मी दोनदा वाचला आणि मग परिचारिकेकडून खात्री करून घेतली. श्वास अजून जोरात होता, पण तिने डोळे उघडले आणि माझ्या पिशवीकडे पाहिले.

“आता कोणाले लिहून राह्यले?”

“कोणालेच नाही.”

“मग बिमार मी हाय का तुमी?”

मी बाहेर आलो. वऱ्हांड्यात शेजारी बसला होता. मी त्याला थर्मामीटरचा आकडा तेवढा सांगितला. त्याला तेवढे पुरले. तो उठून चहा आणायला गेला.

आठव्या दिवशी आम्ही घरी आलो. दारातल्या टपालात माहितीच्या अधिकारातला तो लिफाफा येऊन पडला होता. सिस्टरांनी आषाढात दिलेला खुलासा, सही-शिक्क्यासह. त्यात लिहिले होते, की नमूद मंगळवारी सकाळी डोंगराच्या पायथ्याच्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, तापाचे दोन रुग्ण असल्याचा निरोप आल्याने त्या रक्ताचे नमुने घ्यायला गेल्या होत्या, रस्ता नसल्याने शेवटचे अंतर पायी गेल्या, आणि जाताना उपकेंद्राच्या दारावरच्या फळीवर तशी सूचना खडूने लिहिली होती. मी छायाचित्राची प्रत काढून पाहिली. कुलपाच्या वर फळीचा कोपरा आला होता, आणि त्यावर खडूची दोन अक्षरे स्पष्ट दिसत होती. बाकीची सूचना माझ्या चौकटीबाहेर राहिली होती. छायाचित्र मी काढले होते. चौकट मीच ठरवली होती.

तक्रार मागे घेणारे पत्र मी त्याच दिवशी लिहायला घेतले. ते मला लिहिता येईना. तक्रारीचा नमुना माझ्या बोटांत आहे, ‘वरील विषयास अनुसरून’ म्हटले की पुढचे आपोआप येते. आभाराचा नमुना माझ्याकडे नव्हता. एका मसुद्यात मी त्यांना ‘कर्तव्यदक्ष’ म्हटले आणि खोडले, कारण तो शब्द सत्काराच्या शालीसारखा, कोणाच्याही खांद्यावर बसणारा आहे. शेवटी मी घडले तेवढेच लिहिले. माझी तक्रार अपुऱ्या पुराव्यावर होती. त्यांनी माझ्या घरी येऊन, माझ्या तक्रारीची थट्टा करून, मला बाहेर बसवून, माझ्या पत्नीचा आजार ओळखला. त्यांच्या चार ओळींच्या चिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे. मूळ चिठ्ठी मी परत देणार नाही. ती माझ्याकडे राहील. प्रत वरिष्ठांना.

पत्र मी स्वतः उपकेंद्रात नेऊन दिले. सिस्टरांनी उभ्याने वाचले, दोनदा वाचले. डोळ्यांच्या कडेला पदर लावल्यासारखे केले आणि म्हणाल्या, “काकाजी, तारीख टाकाले विसरले.”

चाळीस वर्षांत मी तारीख विसरलो नव्हतो.

पुढच्या तारखेला आम्ही दोघांनी न्यायालयात संयुक्त पुरसीस दाखल केली, की मोजणी होईपर्यंत वादग्रस्त धुऱ्यावरील गवत उभय पक्षांच्या उपस्थितीत कापण्यास उभयतांची संमती आहे, त्यावरून कोणाचाही ताबा सिद्ध समजू नये. मसुदा माझा होता. शेजाऱ्याच्या वकिलाने एकही शब्द बदलला नाही आणि न्यायालयाने त्यावर तसाच आदेश केला. गवत कापायच्या दिवशी सिस्टरांच्या सांगण्यानुसार आम्ही पूर्ण बाह्यांचे सदरे, पायांत गमबूट, पायजम्याची टोके मोज्यांत खोचलेली, अशा अवतारात उतरलो. गवतावर कोणी बसले नाही, कोणी कपडा टाकला नाही. घरी येताच साबणाने अंघोळ आणि कपडे कढत पाण्यात. पत्नी बांधावर नव्हे, दूर वाटेवर खाट टाकून बसली आणि तेथूनच ओरडत होती, “दादा, तुमच्या वकीलसाहेबाले सांगा, जरासा खाली वाका म्हणा. गवत हाय ते, फाइल नाही.” शेजारी खो खो हसला. उंदरांची बिळे त्याने बुजवली, मी त्याला पाणी दिले. दावा अजून चालू आहे. हातभर जमीन माझीच आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, आणि त्यालाही त्याच्या बाजूने नाही. पण पोळ्याच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या आधी एकदा गवत कापले जाते. आदेश तसा आहे.

या वर्षीच्या वर्षावासात माझ्या पत्नीने पुन्हा वाचन सुरू केले. एका संध्याकाळी तिने सिस्टरांना विहारात बोलावले. निंदणाला जाणाऱ्या बाया गावभरातून आल्या, आमच्या वस्तीतल्या आणि पलीकडच्याही. शेजाऱ्याची सून आली होती. मी नेहमीप्रमाणे पुढे जाऊन बसलो. सिस्टरांनी कीटक, उंदीर, गवत, कपडे, सगळे सांगितले आणि मग म्हणाल्या, “आता खपली कुठं असते ते काकू सांगतीन.”

माझी पत्नी उभी राहिली. जी बाई सिस्टरांनाही कमर दाखवायला तयार नव्हती, ती साठ बायांसमोर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले.

“अहो,” ती म्हणाली, “तुमी बाहेर बसा.”

मी उठलो. पायरीवर जाऊन बसलो आणि दार ओढून घेतले. आतून तिचा आवाज येत होता, वाचनाला येतो तसा स्वच्छ. “पाहा व बायांनो, आपल्याले वाटते तो काच हाय…”

पायरी गार होती. मी बराच वेळ बसलो. कोणत्या नियमाने, हे विचारले नाही.